हसू बिलात धरलेलं नसतं

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं, की फास्ट फूडच्या काउंटरवर कमी पगारात राबणाऱ्या पोरांकडून आपण ऑर्डर बिनचूक मागावी, हसरा चेहरा मागू नये. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. निम्म्या लोकांनी मला झापलंय, आणि उरलेल्यांतले बरेच जण स्वतःच काउंटरमागे उभे राहणारे आहेत. तेव्हा हा महिना त्यांचा. आधी क्रूमध्ये, मग शिफ्ट मॅनेजर आणि शेवटी नव्या मुलांना शिकवायला, अशी मी या धंद्यात राहिले आहे. जुन्या वाचकांना हे माहीत आहे. नव्यांना सांगून ठेवते, म्हणजे मी कुणीकडे झुकते याचा अंदाज त्यांना आधीच येईल.

प्रश्न : ताई, मी बँकेत काउंटरवर बसूनच निवृत्त झालो. सुरुवातीला पगार बेताचा होता, पण समोरच्याशी तोंड वाकडं करून कधी बोललो नाही. परवा फास्ट फूडच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझी पाळी आली, तर मुलीने मान वर न करताच ‘हं, बोला’ म्हटलं. ऑर्डर सांगून होईपर्यंत तिची नजर स्क्रीनवर. एक वस्तू कमी आली म्हणून परत गेलो, तर ‘बाजूला थांबा’ एवढंच उत्तर. कमी पगार म्हणजे उद्धटपणाचा परवाना, असं तुमचं म्हणणं आहे का?

उत्तर : नाही. उद्धटपणाचा परवाना कुठल्याच पगाराबरोबर मिळत नाही. मोठ्या पगाराबरोबर मिळतो असा काहींचा समज असतो, तोही चुकीचाच. पण तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात मला उद्धटपणा दिसला नाही. ‘हं, बोला’ हा रुक्षपणा झाला. दोनदा सांगूनही न ऐकणं, चूक दाखवल्यावर ‘तुम्हीच तसं सांगितलं होतं’ म्हणून अंगावर येणं, शेजारच्या पोराकडे बघून डोळे फिरवणं, याला मी उद्धटपणा म्हणते. तसं झालं तर खुशाल तक्रार करा. मागितलेली वस्तू मिळणं, पैसे बरोबर परत येणं, टेबल पुसलेलं असणं, आणि काही चुकलं तर ते कुरकुर न करता दुरुस्त होणं, हे सगळं तुम्ही मोजलेल्या पैशांत येतं. त्यात कुणी सूट मागू नये, आणि मी मागितलेलीही नाही.

आता तिची नजर स्क्रीनवर का होती ते सांगते. ऑर्डर पक्की केली की ती आत किचनच्या स्क्रीनवर उमटते आणि तिथे घड्याळ सुरू होतं. ठरवून दिलेले सेकंद ओलांडले की त्या ऑर्डरचा रंग बदलतो. दिवसभराचे ते आकडे मॅनेजरच्या हातात पडतात आणि तिथून वर जातात. गाडीतून ऑर्डर घेण्याची खिडकी असेल तर काउंटरवरच्याच मुलीच्या कानात हेडसेट असतो. म्हणजे समोर तुम्ही आणि कानात भलतंच गिऱ्हाईक. अशा वेळी ती तुमच्याकडे बघत राहिली, तर दोघांपैकी एकाची ऑर्डर चुकणार हे नक्की.

‘बाजूला थांबा’ची गोष्ट याहून मजेशीर आहे. आकडे चांगले दिसावेत म्हणून ऑर्डर गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या आधीच ‘झाली’चं बटण दाबून ती स्क्रीनवरून उडवायची, ही युक्ती या धंद्यात कुणालाही शिकवावी लागत नाही. तुमची ऑर्डर अशीच उडाली असणार. राहिलेली वस्तू मग कुठल्याच स्क्रीनवर नसते. ती मुलगी आत वळून तोंडी सांगणार, आतला हातातलं सोडून ती करणार, आणि तोवर तुमच्या मागचा माणूस घड्याळाकडे बघणार. तिने ‘दोन मिनिटांत देते, जरा बाजूला थांबता का?’ असं म्हटलं असतं तर हे पत्र आलं नसतं, हे मला मान्य आहे. वाक्य थोडंसंच लांब होतं. पण शिफ्टच्या शेवटी तेवढंही तोंडातून निघत नाही.

मुळात या धंद्याची सुरुवातच सेवा कमी करण्यापासून झाली. 1948 साली रिचर्ड आणि मॉरिस मॅकडॉनल्ड या भावांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमधलं आपलं चांगलं चालणारं रेस्टॉरंट बंद केलं आणि काही महिन्यांनी नव्या पद्धतीने उघडलं. गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणाऱ्या मुली गेल्या. चिनी मातीच्या प्लेटा आणि काटे-चमचे गेले, कागद आला. मेन्यू कापून नऊ पदार्थांवर आणला. गिऱ्हाइकाने खिडकीपाशी यायचं, आपलं आपण उचलायचं. हॅम्बर्गरची किंमत 30 सेंटवरून 15 वर आली ती त्यामुळे. म्हणजे आपल्याला मिळणारी स्वस्ताई म्हणजे त्या काढून टाकलेल्या सेवेचेच वाचलेले पैसे. आजही ट्रे आपण उचलतो, जागा आपण शोधतो, कचरा आपण टाकतो. ‘ग्राहक नेहमीच बरोबर असतो’ हे ब्रीद पसरलं ते मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरांतून. शिकागोचे मार्शल फील्ड आणि लंडनचे हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांच्या नावावर ते सांगितलं जातं. तिथे एकेका गिऱ्हाइकापाशी थांबायला विक्रेत्याला वेळ असे. आपण ब्रीद तिथलं उचललं आणि किंमत मात्र खिडकीवरची मोजतो.

राहिली बँक. तुम्हाला बसायला खुर्ची होती, नोकरी कायम होती, कामाची वेळ ठरलेली होती, आणि कुणी अंगावर खेकसलं तर मागे युनियन होती. टोमणा वाटला तर वाटू दे, पण खुर्चीवर बसून गोड बोलणं आणि सहा तास उभं राहून गोड बोलणं यांत पायांपुरता तरी फरक आहेच.

आणि तक्रार कशी करायची तेही सांगते, कारण त्यात बरेच लोक स्वतःचंच नुकसान करून घेतात. पावती हातात ठेवा आणि पहिल्याच वाक्यात काय राहिलं ते सांगा. ‘तुमच्याकडे नेहमीच असं होतं’ने सुरुवात केलीत, की समोरची मुलगी वस्तू शोधायचं सोडून स्वतःला सावरायला लागते, आणि तुमची वस्तू आणखी पाच मिनिटं लांबते.

प्रश्न : मी फोनवर बोलत असताना ऑर्डर दिली, तर मुलगा म्हणाला, ‘तुमचं होऊ द्या, मग सांगा’ आणि त्याने मागच्याला पुढे घेतलं. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे. माझ्या हाताखालचा असता तर शाबासकी दिली असती. एक कान फोनला दिलेलं गिऱ्हाईक अर्धी ऑर्डर खुणेने सांगतं, आणि चुकलं की पूर्ण ऑर्डरचं भांडण करतं.

प्रश्न : ताई, मी कॉलेज करून संध्याकाळची शिफ्ट करते. मॅनेजर म्हणतात, ‘ऑर्डर घेताना हसायचंच, कॅमेऱ्यात दिसतं.’ शिफ्ट संपते तेव्हा गाल दुखत असतात. गेल्या आठवड्यात एकाने काउंटरवर नोटा फेकल्या आणि म्हणाला, ‘शिकली असतीस तर इथे नसतीस.’ मी तेव्हाही हसतच होते. घरी आल्यावर मात्र रडू आवरेना. मी काय करायला हवं होतं?

उत्तर : सगळ्यात आधी त्या वाक्याचं बघू. ‘मी कॉलेजात शिकते’ असं तू त्याला सांगितलं नाहीस, ते बरं केलंस. तू शिकत नसतीस तरी त्याला तसं बोलायचा काय अधिकार होता? असल्या माणसाला आपली मार्कशीट दाखवायला जाऊ नये.

गाल दुखतात त्यात तुझं काही चुकत नाही. हसणं हे काम आहे, आणि कामाने अंग दुखतं. 1990 च्या 31 जानेवारीला मॉस्कोत पहिलं मॅकडॉनल्ड्स उघडलं, तेव्हा तिथल्या मुलामुलींना इतर कामांबरोबर हसणंही शिकवलं होतं, आणि दुकानदाराच्या हसण्याची सवय नसलेली गिऱ्हाइकं गोंधळून गेली होती. जे शिकवावं लागतं, ज्यावर नजर ठेवली जाते आणि जे केलं नाही तर बोलणी बसतात, ते कामच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 साली विमानातल्या हवाई सुंदरींच्या नोकरीवरून हेच मांडलं, आणि अशा कामाला भावनिक श्रम म्हटलं. वरवरचा चेहरा ठेवणं आणि आतून तसं वाटून घेणं, असे त्याचे दोन प्रकारही त्यांनी दाखवले. दोन्हींचा थकवा येतो.

मी मुलांना शिकवत असे ते हसणं सोडून बाकीचं. ऑर्डर सुरू होताना एकदा डोळ्यांत बघ, देताना एकदा बघ, मध्ये खुशाल स्क्रीनकडे बघ. ऑर्डर परत वाचून दाखव, अगदी एकच वस्तू असली तरी. आपलं म्हणणं नीट ऐकलं गेलं असं माणसाला दात बघून वाटत नाही, आपलेच शब्द परत कानावर आले की वाटतं. जे संपलंय त्याला नुसतं ‘नाही’ म्हणू नकोस, काय आहे ते त्याच दमात सांग. उशीर होणार असेल तर त्याने विचारायच्या आधी किती ते सांग, आणि मनातल्या आकड्यापेक्षा थोडा जास्तच सांग. चूक झाली तर ‘सॉरी’ एकदाच, आणि लगेच पुढे काय करतेस ते. ‘सॉरी सर, सॉरी सर’ अशी माळ ओढत बसलं की समोरच्याचा पारा उलट चढतो, हे मी कितीदा पाहिलंय. एवढं केलंस तर चेहरा साधा असला तरी कुणाची तक्रार येत नाही. आली तरी ‘हसली नाही’ एवढीच येते, आणि तेवढ्याला शहाणा मॅनेजर फारसं मनावर घेत नाही. तुझा तेवढा शहाणा आहे का, ते तुला कळेलच.

आता नोटा. त्या सावकाश उचलायच्या, मोजायच्या, किती आहेत ते मोठ्याने म्हणायचं. रक्कम मोठ्याने म्हटली की नंतर ‘मी जास्त दिले होते’ला जागा राहत नाही. उरलेले पैसे नीट ठेवून द्यायचे, फेकायचे नाहीत. कॅमेऱ्यात तुझंही सगळं दिसतं. आणि त्या क्षणी हसू पुसून टाकायचं. अपमान करणाऱ्यासमोर हसत राहिलं, की त्याला वाटतं आपण विनोद केला. तो जे बोलला, त्याला उत्तर नाही, खुलासा नाही. ‘मी मॅनेजरना बोलावते’ म्हणायचं आणि काउंटरपासून मागे सरायचं. पुढचं बोलणं मॅनेजरचं. त्यांचा पगार तुझ्यापेक्षा जास्त आहे तो बराचसा यासाठीच आहे.

मॅनेजर आले नाहीत तर? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तुझ्या पत्रात तो आहे. आपण आलो तर गिऱ्हाईक दुखावेल, अशी भीती त्यांना असते. दक्षिण कोरियात ऑक्टोबर 2018 पासून कायद्यानेच हे मालकावर टाकलं आहे. गिऱ्हाईक शिवीगाळ करत असेल तर त्या कर्मचाऱ्याला तिथून बाजूला घ्यायचं, काम थांबवू द्यायचं, आणि तिने तसं मागितलं म्हणून तिला शिक्षा करायची नाही. टोकियोत एप्रिल 2025 पासून गिऱ्हाइकाने कर्मचाऱ्याला छळू नये असा नियमच लागू झाला. त्यात दंड नाही, पण दुकानात काय खपवून घेतलं जाणार नाही, ते मालकाला सरकारच्या आधाराने सांगता येतं. तुझ्या मॅनेजरना एवढंच विचार, आणि शांत वेळ बघून विचार, रश असताना नको : ‘असं पुन्हा झालं तर मी कुणाला हाक मारू, आणि कोणत्या शब्दांत?’ नियम मागितला की त्यांना तो ठरवावा लागतो. रडून दाखवलं की ते पाणी आणून देतात आणि विसरून जातात.

प्रश्न : पावतीवरून फीडबॅक मागतात. सेवा बरी होती, तर पाचपैकी चार स्टार दिले. नंतर कळलं, त्याने त्या मुलाचं नुकसान झालं. चार म्हणजे चांगलंच ना?

उत्तर : तुमच्या लेखी चांगलं. पण पुष्कळ ठिकाणी फक्त पाचाला मोजतात, चार आणि एक यांना वरच्या तक्त्यात एकच भाव. वेडेपणा आहे, पण तो त्या मुलाचा नाही. बरं होतं तर पाच द्या. नाव लिहायचं ते कौतुक करताना लिहा. तक्रार करताना वेळ आणि ऑर्डर नंबर लिहा, कारण गार पदार्थ, तुटलेली खुर्ची आणि लांब रांग यांत काउंटरवरच्याचा हात नसतो, पण नाव लिहिलंत की फटका त्यालाच बसतो.

प्रश्न : मी फ्रँचायझी चालवतो. तुमचं लिखाण वाचून पोरं आणखी शेफारतील. गोड बोलायला काय पैसे पडतात? नव्या मुलांना शिकवावं तर दोन महिन्यांत सोडून जातात. शेवटी किऑस्क, म्हणजे गिऱ्हाइकाने पडद्यावर स्वतःच ऑर्डर द्यायचं यंत्र, लावून मोकळं व्हावं असं वाटतं.

उत्तर : जपानमध्ये मॅकडॉनल्ड्सच्या मेन्यूवर हसू चक्क छापलेलं असे, किंमत शून्य येन. लोक गंमत म्हणून मागतही. ती शून्य किंमत गिऱ्हाइकाला होती. काउंटरमागून ते पुरवणारीला काय पडत होतं, ते त्या मेन्यूवर छापलेलं नव्हतं.

तुम्ही पैशांचं विचारलंत म्हणून पैशांबद्दलच बोलते. अमेरिकेत केंद्राने ठरवलेलं किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर अडकून आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या फास्ट फूड कामगारांनी काम सोडून रस्त्यावर यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी तासाला 15 डॉलर आणि युनियन मागितली. ‘आम्हाला हसायला लावू नका’ अशी पाटी कुणाच्या हातात नव्हती. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2024 पासून मोठ्या साखळ्यांतल्या कामगारांसाठी 20 डॉलर ठरवले. पगार वाढला की माणूस देवमाणूस होतो असं मी म्हणणार नाही. पण टिकतो. आणि टिकलेल्या माणसाला मेन्यू पाठ असतो, यंत्र कुठे अडतं ते माहीत असतं, नेहमीचं गिऱ्हाईक ओळखीचं होतं. ज्याला तुम्ही गोड बोलणं म्हणता, ते निम्मं तरी या सरावातून येतं. नवखा पोरगा तुटक बोलतो, कारण त्याचं सगळं डोकं बटणं शोधण्यात गुंतलेलं असतं.

पगार एकदम वाढवणं तुमच्या हातात नसेल, फ्रँचायझीचं गणित मी पाहिलंय. पण रात्री दुकान बंद करून गेलेल्या मुलाला दुसऱ्या सकाळी उघडायला बोलावू नका, हे हातात आहे. शिफ्टचा तक्ता दोन आठवडे आधी लावा. गर्दीच्या तासाला काउंटरवर एक जादा माणूस ठेवा, आणि तो घ्यायचा नसेल तर वरच्यांना सेकंदांचे आकडे खोटे गोड करून पाठवू नका, कारण त्या आकड्यांवरच तुमची माणसं कापली जातात. हसण्याची सक्ती मागे घ्या. ऑर्डर परत वाचून दाखवायची सक्ती करा.

किऑस्क हवा तर लावा. त्यावर माणसं निवांत निवडतात, ऑर्डरी मोठ्या होतात, आणि तो भार किचनवर जातो. शिवाय पडद्यापुढे अडलेल्या आजोबांना हात धरून दाखवायला एक जण उभा करावाच लागतो. तो जर मागच्या आठवड्यात लागलेला आणि पुढच्या आठवड्यात जाणारा असेल, तर तुमचा प्रश्न काउंटरवरून चार पावलं पुढे सरकला, एवढंच.

प्रश्न : टिप ठेवावी का?

उत्तर : आधी विचारा, कारण बऱ्याच साखळ्यांत ती घ्यायला मनाई असते आणि घेतली म्हणून नोकरी जाऊ शकते. घेता येत असेल तर ज्याला द्यायची त्याच्या हातात द्या. ट्रेखाली सरकवून जाऊ नका. ऑर्डर घेणारा आणि टेबल पुसणारा सहसा एकच नसतो, आणि घाईच्या वेळी ट्रेवरचा कागद त्यातल्या सगळ्यासकट कचऱ्यात जातो.